चढउताराची गाडी

सलग विसाव्यांदा गाडी उतरणीवरून सुटली, दुसरा चढ चढली आणि वळण घेऊन खालच्या फळीवर अलगद थांबली. नबीलाल सुतारानं कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर विसावी रेघ ओढली.

गाडी काडेपेटीएवढी, मार्ग बांबूच्या कामट्यांचा. असली चीज उमरग्याच्या मुलखात कुणी पाहिली नव्हती. जहागीरदारसाहेबांनीसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं होतं ते विलायती मासिकातलं चित्र: उंचावरून धाडकन खाली येणारी गाडी आणि आत किंचाळणारी माणसं. येत्या उरुसात आपल्याकडं अशी गाडी पाहिजे, असा हुकूम सुटला. आधी नमुना, तो पसंत पडला की तीस हात उंचीची खरी.

पहिले तीन दिवस फुकट गेले. नबीलालनं दोन्ही चढ सारखेच उंच केले होते, त्यामुळं गाडी दुसऱ्या चढाच्या निम्म्यात मान टाकायची. मग त्यानं दुसरा चढ वीतभर उतरवला. कामट्या चुलीच्या वाफेवर धरून वाकवल्या. वळणावर बाहेरून एक जास्तीची पट्टी ठोकली आणि गाडी पळाली. पळवायची ती रिकामीच, ही सुताराची रीत. नवी बैलगाडीदेखील दर्ग्यावर नारळ फुटल्याशिवाय ओझ्याला जुंपत नसत.

त्याची बायको मैमुना खुशीत होती. ती पोरीसाठी हिरवा झगा शिवत बसली होती.

"जैनबला पहिल्या फेऱ्याला ह्योच घालणार," ती म्हणाली. "सारा उरूस बघंल."

नबीलाल हसला आणि पुन्हा कामट्यांकडं वळला. जत्रेत नवा पाळणा उभा राहिला की पहिला फेरा सुताराच्या घरच्या लेकराचा. त्याशिवाय दुसरं कुणी त्यात पाय ठेवत नसे. आणि नबीलालच्या घरात लेकरू एकच, सात वर्षांची जैनबबी.

नमुन्याची त्याला काळजी नव्हती. त्या वळणावर तर त्याचा फार जीव होता. पण खऱ्या गाडीला लाकूड मिळणार होतं जहागिरीतलं ओलं बाभळीचं, हाताशी वेठीला धरलेली माणसं आणि मुदत एक महिन्याची. तीस हातांवर बसलेली जैनब डोळ्यांपुढं आली की त्याला घास गिळवत नसे. साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांना नाही म्हणणारा माणूस नंतर आपल्या घरात राहत नसे.

त्या संध्याकाळी मैमुना पाण्याला गेली तेव्हा त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. वळणाच्या पट्टीचा खिळा उपसला आणि भोकात मेण भरून नुसता टेकवून ठेवला. आपल्याच कामाशी ही बेइमानी होती. मैमुनाला त्यानं काही सांगितलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहिली तर ती पाणवठ्यापर्यंतच.

सकाळी तो नमाजाहून आला तोवर तिनं नमुना गोधडीत गुंडाळून तयार ठेवला होता.

वाड्यावर देवडीच्या अंगणात साहेब खुर्ची टाकून बसले. शेजारी त्यांचे कारकून नारायणराव उभे होते. नबीलालनं गाडी माथ्यावर ठेवली.

"रिकामी गाडी काय पळवतोस?" साहेब म्हणाले. "सवारी बसव की."

नारायणरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि साहेबांची अत्तराची कुपी उचलून गाडीत ठेवली. नबीलालनं मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं आणि बोट काढलं.

गाडी उतरली, चढली, वळणावर आली आणि थेट बाहेर उडाली. कुपी फरशीवर फुटली. सगळं अंगण गुलाबाच्या वासानं भरलं. नबीलाल मान खाली घालून उभा राहिला. मोडलेल्या पट्टीकडं बघायचीही त्याची छाती झाली नाही.

साहेबांनी फुटलेल्या कुपीकडं पाहिलं.

"दुसरा फेरा आमच्या भाच्याचा होता," साहेब हळूच म्हणाले. "नारायणराव, हे बंबात घाला. नबीलाल, तू आपला नेहमीचा गोल पाळणाच कर."

"जी हुजूर," नबीलाल म्हणाला. ना फटका, ना शिवी! वेशीबाहेर आल्यावर तो बांधावर बसला आणि पोटभर रडला. मग उठून जैनबसाठी रेवड्या घेतल्या आणि गाणं गुणगुणत घर गाठलं.

मैमुना दारातच होती. "काय झालं वो?"

"पडली गाडी. साऱ्यांसमोर पडली."

तिचं तोंड एवढंसं झालं. "तुमच्या हातचं काम? न्हाय, व्हायचंच न्हाय."

तिचा तो चेहरा त्याला बघवेना. त्यानं दार लोटलं, जैनबला मांडीवर घेतलं आणि तिच्या हातात रेवडी दिली.

"अगं येडे, म्याच पाडली," तो हसत म्हणाला. "काल सांजच्याला वळणाचा खिळा उपसून मेणावर टेकवला हुता. न्हायतर माझी गाडी पडती व्हय? ईस बारी पळाली, एकदा तरी डगमगली का? कारागिरीत खोट न्हाय माझ्या. पोरीसाठी कमीपणा घेतला, एवढंच."

मैमुनानं जैनबला त्याच्या मांडीवरून ओढून पोटाशी धरलं.

"त्यो खिळा सकाळी गुंडाळताना मला हलता दिसला," ती म्हणाली. "म्या त्यो पार आत ठोकला, वर आणखी दोन मारले."