शुक्रवारची सुट्टी

नारपोलीत रमशाच्या सासरी खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आणि वर घर. त्या खडखडाटातही तिचा तान्हा तौहीद गाढ झोपायचा.

"लूमवाल्याचं पोर हाय, आवाजाला भिनार न्हाय!" सासू हबीबा शेजारपाजारी कौतुकाने सांगायची. रमशा हसून साजरं करायची, पण शुक्रवार तिला नकोसा वाटायचा. त्या दिवशी लूम बंद. सगळं घर चिडीचूप. अशा शांततेत बाळाला पाठीमागून हाक मारायचा तिला धीरच व्हायचा नाही.

आज मात्र तिने मन घट्ट केलं. चटईवर खेळणाऱ्या तौहीदच्या मागे ती उभी राहिली आणि हातातली परात सोडून दिली.

"काय पडलं गं?" ओरडत हबीबा खालून धावत वर आली.

तौहीद आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत होता.