खिडकीखालचं भाषण

"पुन्हा एकदा म्हणून दाखव," मार्ता म्हणाली. "बाबांना नीट ऐकू गेलं नसेल."

तांडी बाबांच्या अंथरुणापाशी बसला आणि पहिलं वाक्य पुन्हा म्हणाला. बाबा डोळे मिटून पडून होते. उशाशी ठेवलेली कॉफी गार झाली होती. खोलीत औषधाचा उग्र वास कोंडला होता. बाबांनी हूं की चूं केलं नाही.

"आवडलं नाही वाटतं त्यांना."

"पुटपुटलास तर आवडेल कसं? अख्ख्या खोऱ्याला गप्प बसवणाऱ्या माणसाचा लेक, आणि माईक दिसला की भिजलेलं मांजर!"

बहिणीचं खरंच होतं. बाबा बोलायला उभे राहिले की भांडायला आलेली माणसं डोळे पुसत घरी जायची. तांडीची जीभ मात्र चारचौघांत टाळ्याला चिकटायची. आज बाबांच्या समारंभाला रांतेपाओपासून माकालेपर्यंतची माणसं लोटली होती, आणि रीतीप्रमाणे थोरल्या मुलानेच बोलायचं होतं. बोलणं फसलं, तर बाबांच्या नावाला बट्टा लागणार होता.

"पुढच्या वर्षी ठेवला असता तर?" तो हळूच म्हणाला.

"दर वर्षी हेच म्हणतोस. त्यांना किती ताटकळत ठेवायचं?" ती बाबांच्या कानाशी वाकली. "बाबा, तांडी खाली जातोय हं. खिडकी उघडी ठेवते."

अंगणात बांबूच्या मांडवांखाली गर्दी दाटली होती. डुकरं ओरडत होती, ताडी फिरत होती. मामा काळ्या रेड्याचा कासरा धरून उभा होता. तांडीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्याने माईक धरला आणि सहज वर खिडकीकडे पाहिलं. बाबा कान देऊन ऐकताहेत, हे त्याला इतकं स्पष्ट जाणवलं की मानेवर काटा आला.

पाठ केलेलं सगळं त्याने सोडून दिलं.

"बाबा, आठवतं? पोहायला शिकवतो म्हणून मला भातखाचरात ढकललंत, आणि आईला सांगितलंत, पोरानं आपणहून उडी मारली!"

मांडव खदखदून हसला. मग तांडी बोलत गेला आणि हसणारी माणसं हळूहळू गप्प झाली. म्हाताऱ्यांनी ताडीचे पेले खाली ठेवले. डुकरंसुद्धा ओरडायची थांबली होती.

बाबांचा एकच नियम होता: माणसं आणखी मागत असतात, तेव्हाच थांबायचं. ती वेळ आली. तांडीला ती नेमकी कळली, आणि तरी तो थांबला नाही. सांगितलेलं पुन्हा सांगू लागला. मांडवात चुळबुळ सुरू झाली. मामाने खूण केली, ती त्याने पाहून न पाहिल्यासारखी केली. आता त्याला बोलण्याची भीती वाटत नव्हती. गप्प बसण्याची वाटत होती.

शेवटी मामा जवळ येऊन कुजबुजला, "आटप, पोरा. बाप लाजेल तुझा."

तांडीने माईक खाली ठेवला.

मामाचं पातं एकदाच चमकलं. रेडा गुडघ्यांवर आला आणि कोसळला. वरच्या खिडकीतून मार्ताचा हात बाहेर आला. तिने बाबांची कॉफी अंगणात ओतून दिली आणि मोठ्याने हंबरडा फोडला.

बाबांचा श्वास तीन वर्षांपूर्वीच थांबला होता; पण खोऱ्याच्या रीतीत रेडा पडेपर्यंत माणूस नुसता आजारी असतो. ते मेले मात्र आत्ता.