वाघाचा हिरवा डोळा

"हा गालिचा मी विणलाय," लीलावतीबाईंनी ठणकावलं. "सांग त्याला."

चैत्रालीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. फोरबर्गच्या त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आई काय वाट्टेल ते बोलत होती. तरी तिने ते इंग्रजीत सांगितलं.

डच दुकानदार हसला. भिंतीवरचा तिबेटी गालिचा सव्वाशे वर्षांचा आहे, म्हणाला. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा आणि मधोमध ऐसपैस पहुडलेला वाघ. पट्टे बघा, कसे वाहत्या पाण्यासारखे वळलेत! उद्या गिऱ्हाईक येऊन तो नेणार होतं.

बाई कसल्या ऐकतायत! गोंदियाकडच्या त्यांच्या माहेराजवळ, गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिथेच शिकले, म्हणाल्या. सळईवर लोकर वेढत जायची, ओळ भरली की सुरी फिरवून वेढे कापायचे. वाघाचा एकच डोळा हिरवा का? पिवळी लोकर संपली म्हणून.

आईला विणकाम येतं हे चैत्राली आजच ऐकत होती. दुकानाचा पत्ता शेजारच्या पेमाताईंनी दिला होता. त्या गोठणगावातच वाढलेल्या, पण बरोबर यायला काही तयार झाल्या नाहीत.

डोळा काय, कुणालाही दिसतो, असं दुकानदार म्हणाला.

"मग न दिसणारं सांगते. कडेच्या लाल कापडाची शिवण उसवायला सांग. उजव्या कोपऱ्यात केसांची बट गाठ मारून ठेवलीय."

शिवण उसवली. काळीभोर बट निघाली. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

मग त्याचा सूरच बदलला. नवा माल जुना म्हणून विकतो असा बोभाटा झाला तर दुकानाला टाळं लागायचं. साध्या गालिच्याच्या किमतीत घेऊन जा, पण कुठे बोलू नका, म्हणाला. बाईंनी गालिचा काखोटीला मारला आणि मान ताठ ठेवून बाहेर पडल्या.

दोघी अ‍ॅमस्टेलव्हीनला घरी पोचल्या, तर पेमाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी गालिचा जमिनीवर पसरला, उसवलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि ढसाढसा रडायला लागल्या.

"आई, तू विणायला शिकलीस तरी कधी?" चैत्रालीने विचारलं.

"मी? जन्मात मागाला हात लावला नाही," बाई म्हणाल्या. "गालिचा हिच्या घरातून चोरीला गेलाय, असं हिने गेल्या महिन्यात दुकानात जाऊन खरं सांगितलं, तर मेल्याने मालकीचे कागद मागितले आणि दार दाखवलं. म्हणून मी खोटं सांगितलं. ती बट हिच्या पणजीची आहे."