काढून टाकलेलं दार

तापाची साथ आली तेव्हा वसतिगृहातल्या सगळ्याच मुलींना डास चावले होते. बाकीच्या मुली आठवड्याभरात तापातून उठून बसल्या; तेजल मात्र शुद्धीवर येईना.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर पटवेकरांनी तिच्या आईला, वैजयंताला, बाजूला घेतलं.

"ताप मेंदूत गेलाय. जन्माआधीच जनुक बदलून हिच्या पेशींवरचं ते एक दार काढून टाकलं होतं ना?"

"हो. मला एचआयव्ही आहे. तो त्याच दारातून आत शिरतो, असं सांगितलं होतं. पोरीला कधीच होऊ नये, म्हणून..."

"तो नाहीच होणार. पण या तापाशी लढणाऱ्या पेशी मेंदूपर्यंत पोचतात, त्याही त्याच दाराच्या आधाराने. हिच्या पेशींना वाटच सापडत नाहीये, बाई."

वैजयंता लेकीच्या उशाशी जाऊन बसली. "तेजू, तुझ्या भल्यासाठीच केलं गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

दिवस मावळायच्या आत तेजल गेली.

सिस्टरने पाण्याचा पेला पुढे केला. "मावशी, निदान तुमची रोजची गोळी तरी घ्या."

वैजयंताने पर्समधून एचआयव्हीची गोळी काढली आणि तळहातावरच्या त्या गोळीकडे ती बघत राहिली. या एका गोळीवर इतकी वर्षं ती ठणठणीत जगत आली होती.