कासवाचं गिऱ्हाईक

"पेटी सोफ्यावर नको, खालीच ठेवतो. उंचावरून पडलं तर कवच तडकतं," असं म्हणत मिशीवाल्याने पेटी अलगद जमिनीवर टेकवली.

अधिकारी बाईंनी नुसती मान डोलावली. चेहऱ्यावर श्रीमंत घरच्या सुनेचा आळस त्यांनी नीट बसवला होता. प्राणी संरक्षण खात्यात सहा वर्षं त्यांनी फक्त फायली हलवल्या होत्या. बाहेरची कामगिरी साहेबांनी आज पहिल्यांदाच दिली होती, तीही "बघा, जमलं तर," असं तोंड वाकडं करून. दोन महिने खोट्या नावाने निरोप धाडल्यावर हा मासा गळाला लागला होता. घर मावशीचं, एका दुपारपुरतं मागून घेतलेलं. सासरे म्हणून खुर्चीत बसवलेले ऑफिसचे ड्रायव्हरकाका.

मिशीवाल्याने झाकण उघडलं. आत मऊ कापड, कापडाखाली गरम पाण्याची पिशवी आणि वर बशीएवढं कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. याच्या खरेदी-विक्रीला सक्त बंदी. कासवाने मान बाहेर काढली आणि सगळ्यांकडे असं निरखून पाहिलं, की घर पसंत करायला जणू तेच आलं होतं.

"मॅडम, हे तर हसतंय हो!" काका हरखून म्हणाले.

मिशीवाल्याची भुवई वर गेली. "सासरे सुनेला मॅडम म्हणतात?"

"आमच्यात सुनेला फार मान आहे," काकांनी ठणकावलं.

मग मिशीवाल्याने चौकशा सुरू केल्या. घरात ऊन किती येतं? फरशी गुळगुळीत का? "दूध-पाव देऊ नका हं. लोक लाडाने देतात आणि मारून टाकतात. पाला, गवत एवढंच. आणि हे पन्नास-साठ वर्षं जगेल. तुमच्यानंतर कोण बघणार याच्याकडे?"

बाईंना नवलच वाटलं. धंदा चोरीचा, आणि माणूस लेकीचं स्थळ बघायला आल्यासारखा विचारतोय! चोर असला तरी मायेचा दिसतो.

पण कायदा तो कायदा. पर्समधलं रेकॉर्डिंग चालू होतं.

"याला परवाना लागतो ना?" त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"तुम्हाला काय वाटतं? जरा मोठ्याने बोला, मला एका कानाने कमी ऐकू येतं."

"लागतो, असं ऐकलंय. आहे तुमच्याकडे?"

"नाही. तरी घ्यायचंय?"

"तरी विकायचंय?"

दोघेही एकमेकांकडे बघून गोड हसले. घोडं अडलं ते किमतीवर.

"बोला किंमत."

"छे छे, गिऱ्हाईकाने बोलावी."

"माल तुमचा!"

"हौस तुमची!"

बराच वेळ नुसती ओढाताण चालली. इकडे कासव पेटीच्या कडेवर चढत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. काका सासरेपण विसरून गुडघ्यांवर बसले होते आणि त्याला मागून बोटाचा टेकू देत होते. "शाब्बास रे पठ्ठ्या!"

शेवटी बाईंचाच धीर सुटला. साहेबांपुढे रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही, एवढंच त्यांना दिसत होतं.

"पन्नास हजार!"

"दिलं!" मिशीवाला जवळजवळ ओरडलाच. त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा उजळला.

"काका, दार लावा!" बाई ताडकन उठल्या. त्यांनी ओळखपत्र पुढे धरलं, आवाज खणखणीत निघाला. "प्राणी संरक्षण खातं! जागचे हलू नका!"

काका धावत जाऊन दाराला पाठ लावून उभे राहिले. सहा वर्षांच्या फायलींची धूळ एका क्षणात उडून गेली असं बाईंना वाटलं. आनंदाने त्यांना नाचावंसं वाटत होतं.

मिशीवाला हलला नाही. खिशात अर्धा गेलेला त्याचा हात तसाच अडकला होता. मग तो मटकन खाली बसला, कासवाला उचलून त्याने मांडीवर घेतलं आणि खिशातून हुबेहूब तसंच एक ओळखपत्र काढून बाईंच्या पायाशी ठेवलं.

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर बसतो," तो म्हणाला. "तुम्ही?"