फ्लेक्सवरचा फोटो

सुभेदार शिवलिंगप्पा वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी वारले. बेंबळीच्या स्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा म्हणून लेकानं, नंदीशनं, घरातले सगळे मोबाइल धुंडाळले. नातवंडांच्या फोटोंत त्यांना उचलून धरलेले अप्पांचे हात तेवढे दिसत होते. लग्नकार्यात तर "अप्पा, आमचा एक काढा" म्हणत मोबाइल त्यांच्याच हातात दिलेला. शेवटी ट्रंकेत पलटणीतला, विशीतला एक फोटो सापडला. तोच मोठा करून लावताना नंदीशला ओशाळल्यागत झालं.

दुसऱ्या दिवशी एसटीला थांबलेली परगावची म्हातारी फ्लेक्सकडं बघत शेजारी उभ्या नंदीशला म्हणाली,



"लई तरणं पोर गेलं रं बाबा. घरच्यांनी डोळं भरून बगितलंबी नसंल त्येला."