कावळा शिवेपर्यंत

"टायरची हवा कमी कर. वीसवर आण," यतीन काका म्हणाले. "पुढे सगळी वाळूच आहे."

आश्लेषाला ते माहीत होतं. तरी ती दोन मिनिटं तशीच बसून राहिली, काकांनी सांगितलं म्हणून. मग उतरून तिने चारही चाकांची हवा काढली. डांबरी रस्ता सुटून तास झाला होता. दोन्ही बाजूंना युटाचे लाल कडे जवळ येत चालले होते. भाड्याच्या पिकअप ट्रकमध्ये मागे सात गॅलन पाणी होतं, फावडं होतं, आणि सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारी दोन यंत्रं होती. निघताना ती तिने काकांच्या डोळ्यांसमोर धरली होती.

"या वेळी विसरायला नको."

काका पाण्याचे कॅन मागे चढवायला वळले होते.

बाबा आणि काका नागपूरच्या हॉस्टेलपासूनचे मित्र; काकांसाठी बाबा शेवटपर्यंत जगन्याच. पुढे अमेरिकेत बाबा वेस्ट विंडसरला, काका दूर प्लेनोला, आणि दर जूनमध्ये दोघांची एक ट्रिप. मागच्या जूनमध्ये याच दरीत त्यांचा ट्रक वाळूत रुतला. बाबांचा गुडघा अधू होता. ते सावलीत थांबले आणि काका मदत आणायला चौदा मैल चालत गेले. मदत पोचली तेव्हा उन्हाने बाबांना नेलं होतं. फोन इथे लागतच नाही. आणि यंत्र? ते मोटेलच्या खोलीत विसरलो, असं काकांनी रेंजरला सांगितलं.

विसरलो. हा शब्द आश्लेषा वर्षभर चघळत होती.

यंत्र तिनेच बाबांना दिवाळीत दिलं होतं. बाबांना असली कामं जमत नसत, म्हणून नाव, पत्ता, इमर्जन्सीचे नंबर, सगळं तिनेच ऑफिसच्या शटलमध्ये बसून फोनवर भरलं. पानांमागून पानं. शेवटचं, महिन्याच्या प्लॅनचं पान येईपर्यंत तिचा सनीव्हेलचा स्टॉप आला होता. बाबांनी फोनवर सांगितलं, आता मी हरवायचा नाही. मुठीत मावेल एवढी वस्तू, एक बटण. आणि ती या माणसाने पलंगावर टाकून यावी.

"पाणी पी, आशू," काका म्हणाले.

"पाण्याचं तुम्ही मला सांगू नका."

वर्षभर तिने त्यांना एकही फोन केला नव्हता. या महिन्यात केला, कारण नेमकी जागा त्यांनाच ठाऊक होती. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते हो म्हणाले होते.

बाबांच्या दहाव्याला वेस्ट विंडसरच्या पार्कमध्ये पिंड ठेवला होता. झाडावर कावळे होते, पण एकही खाली आला नाही. दोन तासांनी भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आई रात्र रात्र जागी असते. त्यांचं काहीतरी राहिलंय गं, म्हणते. आश्लेषाचा यावर विश्वास नव्हता. आईच्या जागरणावर होता.

एका कड्यापाशी काकांनी हात वर केला. ते उतरले आणि दगडाला तळवा लावून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. डब्यातला भाताचा पिंड काढला, वर काळे तीळ घातले, पत्रावळ सपाट दगडावर ठेवली. वरच्या कपारीत एक कावळा बसला होता. इथला कावळा, आपल्याकडच्या दुप्पट.

ती हात जोडून बोलू लागली. आईला मी सांभाळीन. घर विकणार नाही. तुमची पुस्तकं नागपूरच्या वाचनालयाला पाठवीन. कावळा हलला नाही. अर्धा तास गेला. दगड तापले.

"बाबा, ज्याच्यामुळे तुम्ही गेलात, त्याला मी कधी माफ करणार नाही," ती मोठ्याने म्हणाली.

कावळा उडाला आणि आणखी वरच्या कपारीत जाऊन बसला.

"मी बोलू का त्याच्याशी?" काकांनी विचारलं. "एकटा."

"बोला. निदान त्यांच्याशी तरी खरं बोला."

ट्रकमध्ये बसून तिने काचा लावल्या, एसी सुरू केला. धुळकट काचेतून तिला काकांची वाकलेली पाठ दिसत होती. त्यांनी मान वर केली. ओठ हलले, फार वेळ नाही.

कावळा दगडासारखा खाली आला. त्याने पिंडात चोच घातली, पुन्हा घातली, आणि मोठा घास घेऊन कड्यावरून निघून गेला.

आश्लेषाने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. म्हणजे शेवटी कबूल केलं त्यांनी. बाबांनी ऐकलं आणि सोडूनही दिलं; बाबा तसेच होते. ती तशी नव्हती. डांबरी रस्ता लागेपर्यंत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि विमानतळावर उतरवताना त्यांची बॅगही त्यांनाच काढू दिली.

कड्यापाशी काका एवढंच म्हणाले होते, "जगन्या, यंत्र आपल्याजवळच होतं, पण त्याचा प्लॅन सुरूच केलेला नव्हता म्हणून निरोप गेला नाही, हे मी पोरीला मरेपर्यंत कळू देणार नाही."